शंभर टक्के बॅटरी

शीतगृहात काडेपेटीएवढे एकशे वीस सेन्सर होते आणि त्यांना जगवणं हे तिचं काम. नळ्यांतून फिरणारा थंडाव्याचा वायू गळला तर त्याला वास नाही, रंग नाही. हवेहून जड, गुपचूप खाली साचतो आणि श्वास कोंडतो. सेन्सरच्या या डब्यांनी तो हुंगायचा आणि बिनतारी संदेश धाडायचा. पण सगळे सतत जागे राहिले की बॅटऱ्या पाच महिन्यांत मान टाकत. म्हणून तिने पाळ्या लावल्या: दोन डबे एकच जागा राखत असतील तर ज्याची बॅटरी जास्त भरलेली त्याने जागायचं, दुसऱ्याने झोपायचं. हिशेबाने आयुष्य अकरा महिन्यांवर गेलं. साहेबांनी चारचौघांत कौतुक केलं.

"यंत्रांना बरी झोपवतेस, पोरगी मात्र आमच्या हिला डोळा लागू देत नाही," मामा म्हणाले होते. तिची नऊ महिन्यांची लेक दिवसभर मामीकडे असे. मामा इथेच तळघरात रिकामे क्रेट दुरुस्त करत. तिच्या नोकरीसाठी शब्द त्यांनीच टाकला होता. घरचा गॅस तीनतीनदा तपासणाऱ्या भाचीला ते शंकासूर म्हणत.

त्या दुपारी ती बॅटऱ्यांचा तक्ता चाळत होती. सगळ्या नव्वदीच्या आसपास उतरलेल्या. एकच डबा शंभरावर. पाळ्या लागल्यापासूनच्या बावीस दिवसांत एकदाही न उठलेला. आधी तिला बरंच वाटलं. मग तिने नकाशा उघडला.

त्या डब्याच्या ठिपक्यावर दुसरा ठिपका बसला होता. लांबी तीच, रुंदी तीच. दुसरा डबा वर, वजनकाट्यापाशी, भिंतीतल्या विजेवर चालणारा. तो कधी थकणारच नव्हता. झोपलेला डबा बरोबर त्याच्या खाली, तळघरातल्या क्रेटच्या खोलीत. मध्ये हातभर जाडीचा स्लॅब. उंचीचा रकाना तिने तक्त्यात ठेवलाच नव्हता.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने उठण्याचा संदेश सोडला. पण झोपलेला डबा दर वीस मिनिटांनी एकदाच कान उघडतो, आणि ती काटकसरही तिचीच.

तळघरात फोन लागत नसे. भोंग्याचं बटण हाताशी होतं. पंधरा दिवसांपूर्वी तिने ते दाबलं होतं. सगळे तासभर बाहेर उभे, गाडीतली फळं तापली, आणि निघालं काहीच नाही. "बाईंची झोप झालेली दिसत नाही," कोणीतरी म्हणालं होतं. साहेब हसले नव्हते. "आकडा हातात असल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही."

खाली धावत जावं, तर पडद्यावर लक्ष ठेवायला दुसरं कोणी नव्हतं. आणि बावीस दिवस काही झालं नाही, ते वीस मिनिटांत काय होणार, असं तिने स्वतःला समजावलं. ती पडद्यासमोर बसून राहिली.

साडेतीनला डबा उठला. त्याचा पहिलाच आकडा मापाच्या शेवटच्या रेघेवर. त्यापुढे त्याला मोजताच येत नव्हतं.

तिने भोंगा दाबला. पाठीवर हवेच्या टाक्या बांधून दोघे खाली उतरले. मामा क्रेटला टेकून बसले होते, मांडीवर हातोडी. "पंधरा मिनिटं आधी आणलं असतं तर," डॉक्टर म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडलं.

तिने तीन दहाचं सांगितलं तेव्हा साहेबांनी तिला बाजूला घेतलं. "अहवालात लिही, चूक आणि आकडा दोन्ही साडेतीनलाच कळले. आकडा तर तेव्हाच आला ना? लेकरू लहान आहे तुझं."

संध्याकाळी मामीच्या घरी माणसं येऊन गेली. मामी लेकीला मांडीवर घेऊन थोपटत होती. तिचे डोळे कोरडे होते.

"भोंगा साडेतीनला झाला म्हणे."

"हो."

"तुला तेव्हाच कळलं ना गं?"

हो म्हटलं की संपत होतं. मामी तिच्या गळ्यात पडून रडली असती, आणि लेक सकाळी पुन्हा याच मांडीवर आली असती.

"तीन दहाला कळलं, मामी. मी आकड्याची वाट बघत बसले."

मामीचा थोपटणारा हात थांबला. तिने लेकीला उचलून भाचीकडे दिलं. मग उठून कपाटातून दुपटी काढली, झबली काढली, दुधाची बाटली विसळून पुसली आणि सगळं नीट पिशवीत भरलं.

"टोपी वाळत आहे," ती म्हणाली. "जाताना दोरीवरून घे."