तबकडीवरचे झिंगे

आमच्या गावात मोबाइलवर बोलायचं तर तलावाच्या पाळीवर चढावं लागतं, आणि तारेचं इंटरनेट साकोलीहून निघालं ते वाटेतच विसावलं. म्हणून लग्नानंतर मी स्लॅबवर उपग्रहाची तबकडी बसवून घेतली. माझं काम नागपूरच्या कंपनीचं, विमावाल्या गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी फोनवर ऐकायचं. तिथल्या साहेब रीता मॅडमनी साफ बजावलं होतं, "उद्या दिवसभर लाइन तुटली नाही तर घरूनच कर. तुटली, तर सोमवारी इथं हजर." म्हणजे मी पुन्हा नागपुरात भाड्याच्या खोलीत आणि नवरा इथं जाळी टाकत!

दुसऱ्या दिवशी काम सुरू व्हायच्या तोंडावरच इंटरनेट मेलं. मी धावत स्लॅबवर गेले. माझी सासू बायाबाई उकिडवी बसून तबकडीवर ओले झिंगे पसरत होती, अगदी निवांत.

"आई! हे काय केलं?"

"काहून? तवा गरम हाये, गुळगुळीत हाये. म्हटलं लवकर वाळतीन."

कपाळावर हात मारून घ्यायची वेळ! "अवो, याच्यातूनच माझी नोकरी येते! लाइन तुटली तर सोमवारी मले नागपूरले जा लागते."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. तिने दोन्ही हातांनी झिंगे ओढून टोपलीत टाकले आणि नव्या लुगड्याच्या पदराने तबकडी पुसली. इंटरनेट परतलं, पण वासावर कावळेही आले. मग दिवसभर खाली माझं "नमस्कार, काय मदत करू?" आणि वर तिची काठी, "हाड! हाड रे!" एका गिऱ्हाइकाने विचारलंच, "मॅडम, ऑफिसात पाखरं राखता का?"

लाइन मात्र एकदाही तुटली नाही. संध्याकाळी मॅडमचा निरोप आला, "घरूनच कर." हुश्श झालं! मी जिना चढले. बायाबाई उन्हाने काळवंडली होती, घसा बसला होता. जेवायलासुद्धा उतरली नव्हती.

"आई, मी कुठी जाऊन नाई राहिली."

तिने काठी टाकली, माझा हात घट्ट धरला.

"जीव टांगणीले लागला होता वं दिवसभर. सारे तलावावर जातेत, घर कसं खायले उठे. आता तू फोनवर बोलतं ना, मी दाराआड बसून आयकत रायतो. मले काई समजत नाई. पन घरात कोनी बोलून रायलं, एवढं पुरते."

मला रडूच कोसळलं.