बाटलीचा तळ

"रक्त! माय वो, रक्त!"

कारागृहाच्या महिला विभागातल्या प्रार्थनाघरात एकच कालवा झाला. ती खोली म्हणजे एके काळची धान्याची कोठी. आता तिथं भिंतीवर सागवानी क्रूस होता, खाली सतरंज्या आणि डोक्यावर सगळ्या विभागात धड चालणारा एकुलता एक पंखा. गाण्यांसाठी म्हणा की पंख्यासाठी, रविवारी सगळ्या जातीधर्मांच्या बाया तिथं येऊन बसत. आज मात्र साऱ्यांच्या नजरा रुखमिणीच्या तळहातांवर खिळल्या होत्या. रंभाबाईनं बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि बघता बघता ते तळहात लाल झाले होते.

अपेक्षा दारातच थबकली. ती नदीपलीकडच्या कारध्याहून पूल ओलांडून दर रविवारी इथं प्रार्थना घ्यायला येई. पहाटेची प्रार्थना आणि शुक्रवारचा उपास तिनं कधी चुकवला नव्हता. आज फाटकावरच्या तपासणीत उशीर झाला आणि तेवढ्यात रंभाबाईनं आपली गादी मांडली होती.

रंभाबाई इथली जुनी कैदी. प्रार्थनाघराची झाडलोट तिच्याकडे होती, आणि कोणत्या बाईनं कोणतं काम करायचं तेही तीच ठरवी.

"देखा!" डोळे पांढरे करत ती ओरडली. "आभाळातला बाप माह्या कानात बोलला! मीनं म्हटलं होतं ना, हात धुऊन येऊ नोका, जसे आहा तसे या, बापापाशी बनावट चालत नाही! आता बोल रुखमिणी, सासूच्या पेजेत काय टाकलं होतं?"

रुखमिणी आंबागडची. पेज पिऊन सासू मेली, आणि पेज हिनं रांधली होती. पहिल्या दिवसापासून ती एकच सांगत आली होती: मी काही घातलं नाही. उद्या न्यायालयात तिची तारीख होती.

"मीनं काहीच नाही टाकलं वो बाई," ती पुटपुटली. मग आपल्याच हातांकडे बघत राहिली. "पण मंग हे रक्त कायचं? मले आठवत नाही... माह्या हातून झालंच असन. उद्या साहेबाले सांगूनच टाकतो."

अपेक्षा झटकन आत आली. हे बोलणं एकदा न्यायाधीशांसमोर गेलं की परत घेता येणार नव्हतं.

म्हाताऱ्या ताराबाईनं तिचा पदर ओढला. "ताई, मागच्या तारखेले रंभीनं हिले कोर्टातून तंबाखूचा खर्रा लपवून आणाले सांगतलं होतं. हे नाही म्हणे. मंग काल हिले सैपाकात टाकलं, हळद कांडाले. मागं त्या मेघाचे, भिंतीपाशी बसली तिचे, हात असेच लाल झाले, तवाबी ते हळदीवरच होती. तवापासून रोज रंभीचे पाय चेपते बिचारी."

हळद. अपेक्षा क्षणभर क्रुसाकडे बघत राहिली, मग हळूच पुढे झाली.

"रंभाताई, माझ्याही हातावर शिंपडा ना."

रंभाबाईनं ऐटीत शिंपडलं. काहीच झालं नाही. "देखा, ताई पवित्र आहे!"

"थांबा. ताराबाई, चिमूटभर हळद आणता?"

हळद आली. अपेक्षानं ती तळहाताला चोळली. "आता शिंपडा."

रंभाबाईचा हात अडला. अपेक्षानं तिच्या हातची बाटली घेतली आणि स्वतःच पाणी ओतलं. तळहात लाल झाला.

"आता माझ्या हातून कोण मेलं, रंभाताई?"

"शंका! बापावर शंका घेतली ना तुमी! तेच पाप!"

"असेल. मग तुमचाही हात द्या."

रंभाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. आवाज एकदम खाली आला. "ताई, तुमी तं सांजच्याले घरी जाता. ह्या बाया इथंच राहतेत."

मेघा भिंतीला आणखी चिकटली. अपेक्षानं बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली. पाणी काचेसारखं नितळ होतं. तळाशी मात्र पांढरा गाळ बसला होता.

"भिंती रंगवायला चुना आणलाय ना? ही त्याची निवळी आहे, चुना खाली बसल्यावर वर राहिलेलं पाणी."

"अगे माय!" ताराबाईनं कपाळावर हात मारला. "माही आई याचंच कुंकू करे! हळदीले निवळी पाजली का लाल! मले कसं सुचलं नाही वो? जिंदगीभर कपाळाले लावलं, न् इथं आल्यावर त्यालेच रक्त म्हणून राहिलो!"

आजारी बायांसाठी ठेवलेलं लिंबू अपेक्षानं मागवलं आणि रुखमिणीच्या हातांवर पिळलं. लाल ओसरलं, पिवळं उरलं.

"बापा! लिंबानं पाप धुतलं गेलं का वो?" मेघा म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. मग सगळ्याच हसल्या. रंभाबाई तेवढी हसली नाही. कोण कोण हसतंय, ते ती बघत होती.

दारावरच्या शिपाईबाईनं बाटली ताब्यात घेतली. रुखमिणीला आणि मेघाला दुसऱ्या बराकीत हलवल्याशिवाय अपेक्षा फाटकाबाहेर पडली नाही.

"मंग बाप काहीच नाही बोलला?" बराकीकडे जाताना रुखमिणीनं विचारलं.

"मी त्याच्यापाशी रोज बसते गं. तो काय बोलतो ते मलाही नेहमी कळत नाही. पण तुला फासात अडकवायला तो चुना कालवत बसणार नाही. उद्या आठवतं तेवढंच सांग. आठवत नाही ते कुणाच्या भीतीनं सांगू नको."

दुसऱ्या दिवशी अपेक्षा न्यायालयात मागच्या बाकावर बसली होती. रुखमिणीचे तळहात अजून पिवळेच होते.

"पेज मीनं रांधली," ती म्हणाली. "जहर मीनं नाही टाकलं."

निकाल अजून लागायचा आहे. विष कुणी घातलं ते पुराव्यांवरून ठरेल, तळहातांवरून नाही. आणि ज्यांना देवापुढे हात जोडायचे आहेत त्यांनी खुशाल जोडावेत. अपेक्षाही रोज जोडते. फक्त कुणी देवाच्या नावानं पाणी शिंपडू लागलं, तर ते कितीही नितळ दिसो, आधी बाटली उजेडात धरावी आणि तिचा तळ पाहावा.