हापशाची बाई सरपंच झाली

मित्रांनो, माझ्या अंगावरच्या निळ्या रंगाला फसू नका. निवडणूक आली की मला रंग लागतो, एवढाच त्याचा अर्थ. मी एक जुना हापसा आहे. लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मला चिंचाळवाडीच्या पाराजवळ रोवले. गाव लातूरचे, बाजार मुखेडचा आणि पाऊस कुणाचाच नाही, अशी आमची जागा.

त्या वर्षी विहिरींचे तळ उघडे पडले होते. बोअरला पाणी लागले तेव्हा म्हातारी माणसे रडली. तरुण पुढारी हणमंतराव आले. त्यांनी मला हार घातला, फोटोपुरते चारदा हापसले आणि म्हणाले, "नवा जिल्हा, नवं पाणी. आता काळजी सोडा." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि खरोखरच काळजी सोडली. मलाही त्या दिवशी ताठा चढला होता, हे कबूल करतो.

हार दोन दिवसांत सुकला. माझे पोट चालले ते वंगणावर. गावातला लिंबाजी पंचायत समितीचा मेकॅनिक होता. तो मला खोलायचा तेव्हा त्याची बायको पंचशीला पाना धरून उभी असायची. लिंबाजी अचानक वारला आणि पुढच्याच महिन्यात पंचशीला एकटी पाना घेऊन आली. कुणी तिला सांगितले नव्हते.

ती बौद्धवाड्यातली. तिने हात लावला की वरच्या आळीतली गंगम्मा आधी माझ्या दांड्यावर तांब्याभर पाणी ओतायची आणि मगच हापसायची. ज्या गावाला प्यायला पाणी नव्हते, त्या गावात हे पाणी मातीत जायचे. पंचशीला ते बघायची, माझ्या साखळीला ग्रीस लावायची आणि शेवटी आपली घागर भरून निघून जायची. मला त्याची फार लाज वाटे.

वर्षे गेली. लोक तिला 'हापशाची बाई' म्हणू लागले. हणमंतरावांच्या गाड्या बदलल्या, पक्षही दोनदा बदलले, भाषण तेवढे बदलले नाही. आता ते म्हणत, आणखी एक नवा जिल्हा होऊ द्या, मग घराघरात नळ येतो की नाही बघा. दर वेळी त्यांचा माणूस येऊन मला रंग फासून जाई. वंगणाचा डबा त्याने कधी आणला नाही.

सरपंचपदाच्या एका निवडणुकीआधी माझ्या कट्ट्यावरच बैठक बसली. रामकिशन गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, सहसा शांत. त्या दिवशी ते संतापले होते. "पस्तीस वर्सं या माणसानं आपल्यालाच हापसून घेतलं. त्याच्यासमोर उभं ऱ्हायलेले बी एकाच माळेचे मणी."

"मग राजकारणातलं काहीच येत न्हाई असं माणूस उभं करा," गंगम्मा म्हणाली. "ती हापशाची बाई हाय की."

पंचशीलाने हात जोडले. "गुरुजी, मला पाना धरता येतो. माईक न्हाई."

"तेच तर पायजे आमाला," गुरुजी म्हणाले.

ती निवडून आली. मिरवणूक माझ्यासमोरून गेली, गुलाल माझ्याही अंगावर पडला. मला वाटले, आता माझे दिवस आले. मित्रांनो, मी लोखंडाचा असलो तरी माणसांइतकाच भोळा आहे.

सरपंच झालेल्या पंचशीलाबाईला आज तालुक्याला बैठक, उद्या लातूरला. गावाच्या नळयोजनेचा कागद घेऊन ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होती. माझी साखळी कोरडी पडली. मी कुरकुरू लागलो, मग ओरडू लागलो. रोज शंभर बाया माझा आवाज ऐकत होत्या. प्रत्येकीचे उत्तर एकच होते, "बाई सरपंच हाय, बघील की ती."

दुसऱ्याच वर्षी दुष्काळ पडला. भर चैत्रात माझ्या आतला वायसर, म्हणजे पाणी वर ओढणारी चकती, झिजून गेला. खाली पाणी होते, पण मला ते वर ओढता येईना. तहानलेले गाव समोर उभे असताना पोटात पाणी ठेवून मुके उभे राहावे लागते, याहून वाईट काय असेल? लोक मला सोडून तिच्यावर चिडले. "खुर्ची भेटली की समदे सारखेच," हे गंगम्माच म्हणाली.

मग हणमंतराव आले. माझ्यासमोर ग्रामसभा भरली. "बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "चालू हापसा असला की टँकर मंजूर होत नाही. हा कायमचा बंद आहे असा ठराव करा. उद्या टँकर उभा करतो. याला काढून टाकू." लोक लगेच माना हलवू लागले. ठरावाचा कागद तयारच होता. माझा जीव त्या कागदावर अडकला होता.

पंचशीलाबाईने कागद हातात घेतला, वाचला, आणि ती घरी गेली. लोकांना वाटले, शिक्का आणायला गेली. ती पाना घेऊन आली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "कागदाच्या मागं लागून मी याला इसरले. पण तुमी बी रोज ऐकत व्हता ना हा वरडतोय ते?"

तिने ठरावाचा कागद कट्ट्यावर ठेवला.

"पाईप मला एकटीला वढायचे न्हाईत. आन मी आता एकटी करणार बी न्हाई." तिने पाना गंगम्मापुढे धरला. "धरा अक्का. मी सांगते, तुमी खोला."

मित्रांनो, तो पाना हवेत किती वेळ राहिला, ते मी मोजले नाही. मला तो फार वेळ वाटला. मग गंगम्माने पदर खोचला आणि तो हातात घेतला. पाच बायकांनी एकेक पाईप वर ओढला. वायसर निघाला तो चघळून टाकलेल्या चामड्यासारखा. पंचशीलाबाईने जपून ठेवलेला नवा वायसर बसवला, पाईप पुन्हा खाली गेले. मग सिंधू, गंगम्माची सून, हापसू लागली. आधी नुसती हवा, मग लाल गढूळ, आणि मग नितळ पाणी आले. हणमंतराव तोवर निघून गेले होते. ठरावाचा कागद कट्ट्यावर भिजत पडला होता.

पाणी काही मुबलक नव्हते. घरटी दोन घागरी, तेही रांगेने. पण उन्हाळा निघाला.

पुढच्या निवडणुकीत पंचशीलाबाई थोड्या मतांनी पडली. हणमंतरावांचा पुतण्या सरपंच झाला आणि मला पुन्हा रंग लागला. पण पाना आता दर महिन्याला एका घरातून दुसऱ्या घरात जातो. ज्या घरी पाना, त्या घराने मला वंगण घालायचे. सरपंच कोण आहे, हे त्यासाठी कुणी विचारत नाही.

मित्रांनो, माणूस नीट पारखून निवडा, तेही गरजेचेच आहे. पण मत पाच वर्षांतून एकदा द्यायचे असते आणि वंगण महिन्याला लागते. तुमच्या गावातले काही कुरकुरू लागले, तर कुणीतरी बघेल म्हणून वाट पाहू नका. शेजारणीला हाक मारा आणि पाना शोधा.

काल पंचशीलाबाई पाण्याला आली होती. तिच्या मागे गंगम्मा उभी होती. बाईची घागर भरली तेव्हा गंगम्माने वाकून ती उचलली आणि तिच्या डोक्यावर ठेवली. मग तिने पाणी न ओतता तसाच माझा दांडा धरला आणि आपली घागर भरू लागली.