साखरपाण्याची अक्षरं

मित्रांनो, माझ्या तोंडावर फाटकं पोतं टाकलेलं आहे, त्यामुळे आवाज जरा दबून येईल. मी अमरावतीच्या एका हायस्कुलातला लाकडी फळा. वय झालं. सध्या मुतारीच्या मागच्या भिंतीला टेकून उभा आहे. इथल्या वासाची मला किळस नाही. मला जी किळस आली, ती शाळेच्या दर्शनी दारात.

त्या दारात मी कित्येक वर्षं होतो. सागाच्या फळ्या जोडून मला बनवलं होतं. दर उन्हाळ्यात शिपाई जानराव टॉर्चचे जुने सेल फोडायचा, त्यातली काळी पूड पाल्याच्या रसात घोटायचा आणि मला फासायचा. मग जूनमध्ये माझ्यावर विषय आणि शिक्षकांची नावं लिहायचा. त्यासाठी तो खडू साखरेच्या पाण्यात भिजवून घेई. ती अक्षरं एकदा वाळली की कोरड्या डस्टरला दाद देत नाहीत, पाण्यानेच धुवावी लागतात. "वर्षभराचा शबुद हाये, वर्षभर टिकला पायजे," असं जानराव म्हणायचा.

'सामाजिक शास्त्रे – संध्या गवई, आठवड्याला सहा तास.' ही ओळ मी एकोणीस वर्षं छातीवर मिरवली. संध्याबाई पोरांना वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूरला नेऊन इतिहास शिकवत. वर्गात ग्रामसभा भरवत, आणि तिथे सरपंचाला पोरं असे प्रश्न विचारत की खऱ्या सरपंचाला घाम फुटावा. पालक प्रवेशाच्या वेळी माझ्यावर बोट ठेवून एकेक विषय वाचत. तेव्हा मला फार बरं वाटायचं, मित्रांनो.

मग कुंदनराव संस्थेचे सचिव झाले. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या शाळेत स्पॅनिश शिकवतात, असं त्यांच्या कानावर आलं. झालं! आपल्याकडेही स्पॅनिश हवं. सामाजिक शास्त्रांचे तीन तास कापले आणि स्पॅनिशला दिले. जानरावने विचारलं, "साहेब, मास्तरचं नाव काय लिवू?" कुंदनराव म्हणाले, "जागा सोड. येईल कोणीतरी."

प्रवेशाला रांग लागली. पोळा झाला, गणपती उठले, तरी कोणी आलं नाही. आठवड्याचे ते तीन तास पोरं गोंगाट करत बसायची आणि संध्याबाईंनी त्यांना गप्प बसवायचं. पालक विचारू लागले, तेव्हा कुंदनरावांनी रिकाम्या जागेत नाव लिहायला लावलं. संध्या गवई! ज्यांना स्पॅनिशचं अक्षर येत नाही, त्यांचं नाव. जानरावने ते साध्या खडूने लिहिलं आणि पुटपुटला, "खोट्याले साखर कायले लावू?" मला ते नाव खरजेसारखं खाजत होतं. पण फळ्याला हात नसतात.

नववीत प्रियदर्शनी नावाची मुलगी होती. नांदगाव पेठेहून बसने यायची. तिची आई गीतांजली तिथल्या कापड कारखान्यात कामाला. 'स्पॅनिश' हा शब्द माझ्यावर वाचूनच मायलेकींनी ही शाळा धरली होती. प्रियदर्शनीने नवी वही केली होती. पहिल्या पानावर नक्षी काढून विषयाचं नाव, पुढची पानं कोरी. एके दिवशी माझ्यासमोरच तिने संध्याबाईंना गाठलं.

"मॅडम, पान्याले स्पॅनिशमंदी काय म्हन्ते?"

"मले नाही येत, बेटा."

"मंग फळ्यावर तुमचं नाव कावून हाये?"

पोरगी गेल्यावर बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मला माझीच शिसारी आली. तशाच त्या दारात उभ्या असलेल्या कुंदनरावांकडे गेल्या.

"सर, माझं नाव पुसा."

"नुसतं नावच तर आहे, मॅडम. कोण तुमची परीक्षा घेऊन राहिलं? शनिवारची पालकसभा निभवा. नाही तर तुमचे उरलेले तीन तासही दुसऱ्याला देता येतात."

शनिवारी सकाळी संध्याबाई सगळ्यांच्या आधी आल्या. "जानरावभाऊ, एक खडू साखरेत भिजवून द्या." जानरावने कारण विचारलं नाही. बाईंनी आपलं खोटं नाव तळहाताने पुसलं. ते एका फटक्यात गेलं. मग 'स्पॅनिश'पुढे त्यांनी लिहिलं, 'शिक्षक नाहीत. एकही तास झालेला नाही. – संध्या गवई, सामाजिक शास्त्रे.'

पालक येईपर्यंत अक्षरं खडखडीत वाळली होती. गीतांजली अर्धी सुट्टी टाकून आली होती. तिने बोट ठेवून सावकाश वाचलं. मागून कुंदनराव धावत आले. त्यांनी डस्टर घासलं, मग खिशातला रुमाल घासला. रुमाल मळला, अक्षर हललं नाही. एवढा मोठा माणूस सगळ्या पालकांसमोर माझ्या छातीवर खसाखसा घासत होता आणि मला त्याची किळस येत होती.

"आता पुसून काय होते, सर?" गीतांजली म्हणाली. "आमचं वाचून झालं."

सोमवारी मला उतरवलं. माझ्या जागी फ्लेक्स लागला, 'स्पॅनिश – तज्ज्ञ मार्गदर्शन'. संध्याबाईंचे तिन्ही तास गेले. त्या आता ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालतात. मधल्या सुट्टीत प्रियदर्शनी आणि तिच्या वर्गातली पोरं तिथे जाऊन इतिहास शिकतात. वेळापत्रकात तो तास नाही. मला पाण्याने धुवायचा हुकूम झाला, तेव्हा जानराव "धुतो" म्हणाला आणि त्याने वरून हे पोतं टाकलं.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणत नाही. तुमच्या शाळेच्या दारात जे लिहिलं असेल, ते मात्र बोट ठेवून वाचा आणि विचारा, कोण शिकवतं? माझ्याकडे हल्ली मुंग्या येतात, साखरेसाठी. 'स्पॅनिश' खाऊन झालं, 'शिक्षक नाहीत' अजून शिल्लक आहे. दारातल्या त्या चकचकीत फ्लेक्सकडे, जानराव सांगतो, एकही मुंगी फिरकत नाही.