ऑलिव्ह ग्रीनचे दोन हात

वेदिकाच्या ट्रकला आठ चाकं होती, एक क्रेन होती, मागे दोर गुंडाळून ओढणारी विंच होती आणि रंग म्हणाल तर जगातले सगळे होते. बोनेट लाल, केबिन पिवळी, क्रेनचा दांडा अर्धा निळा, अर्धा पांढरा. डाव्या अंगाला एक गुलाबी ठोकळासुद्धा होता, आणि तो कुठल्या तरी बाहुलीच्या घराचा आहे हे काही केल्या लपत नव्हतं.

त्याला इलाज नव्हता. असला ट्रक दुकानात डब्यात मिळत नाही. देवळाली कॅम्पात बदल्यांचा मोसम आला की फौजी कुटुंबं सामान कमी करायला लागतात. कुणी पठाणकोटला निघतं, कुणी तेजपूरला, आणि मुलांच्या खेळण्यांची पोती मागे राहतात. वेदिका दोन वर्षं क्वार्टर क्वार्टर फिरली होती. पहिल्या वर्षी ती दाराशी उभी राहायची आणि शब्द फुटायचा नाही. आई मागून ढकलायची. या वर्षी मात्र बेल वाजवून थेट, "आंटी, ब्लॉक्स हैं क्या? टूटे हुए भी चलेंगे!" नववीत गेल्यापासून पोरीच्या जिभेचं कुलूप निघालं होतं आणि किल्ली कुठे हरवली ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

ट्रक पप्पांचा होता. म्हणजे पप्पा ज्याच्यावर काम करतात तो. हवालदार शेखर हे लष्करात रिकव्हरीवर होते. चिखलात, नाल्यात, बर्फात जी गाडी रुतेल ती ओढून काढायची, ही त्यांची नोकरी. वेदिकाकडे ट्रकचा नकाशा-बिकाशा काही नव्हता. व्हिडिओ कॉलवर पप्पा हाताने दाखवायचे, "क्रेनचा बूम एवढा वर येतो बघ," आणि वेदिका इकडे ठोकळे मोजायची. कधी नेटवर्क जायचं आणि पप्पांचा हात हवेतच गोठायचा. मग ती त्या गोठलेल्या हातावरून माप घ्यायची.

पप्पा वर्षातून दोनदा भगूरच्या दोन खोल्यांच्या घरी यायचे आणि वेदिकाचं जे काही असायचं ते नेमकं त्याच्या आधी किंवा नंतर व्हायचं. पाचवीतलं नाटक गेलं, सातवीतली कबड्डी गेली. यंदा पंधरा ऑगस्टला तिने आयुष्यातलं पहिलं भाषण ठोकलं, त्याचा व्हिडिओ आईने काढला तो अंगठा माइकवर ठेवून, पप्पांनी मुकी वेदिका तीन वेळा पाहिली आणि म्हणाले, "हातवारे एक नंबर!" पण डिसेंबरचं विज्ञान प्रदर्शन शनिवारी होतं आणि पप्पांची सुट्टी रविवारपर्यंत. एकदा तरी, एकदाच, तिने केलेली गोष्ट पप्पा समोर बसून बघणार होते.

आल्या दिवशी त्यांनी ट्रक पाहिला. गुडघ्यावर बसून एक अख्खी चक्कर मारली आणि मिशीत हसले.

"वेदू, ही रिकव्हरी आहे का आइस्क्रीमची गाडी?"

"पप्पा! रंगाने काय होतं? ओढता आलं पाहिजे."

"ते झालंच. पण साहेबाने बघितलं तर मला घरी पाठवेल."

"मग काय, चांगलंच होईल की," आई गॅसपाशी उभ्या उभ्या म्हणाली. आई घोटीकडची, तिच्या बोलण्याला भातखाचराचा ओलावा होता. "या म्हणावं कायमचं. मी बी आइस्क्रीम इकते संगती."

मंगळवारी फोन आला. पप्पा अंगणात जाऊन बोलले. बोलणं कसलं, "जी साब, जी साब," एवढंच. आत आले तेव्हा आईने विचारलंसुद्धा नाही. कपाटावरची बॅग काढून पुसायला घेतली. गुरुवारी संध्याकाळी नाशिकरोडहून गाडी.

वेदिका एक मिनिट भिंतीकडे तोंड करून बसली. मग उठली. "गुरुवारी शाळेतून आले की तुम्हाला एकट्याला दाखवते. पहिला शो. प्रदर्शनाच्या आधी."

"नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की."

बुधवारी संध्याकाळी तिने मोटर बसवली. मोडक्या रेसिंग कारची मोटर, तिच्यावर इवलासा गिअर, त्याला चोवीस दात्यांचा मोठा गिअर, आणि त्या मोठ्याने फिरायचा विंचचा ड्रम. ड्रमला आईचा जाड दोरा. दोऱ्याच्या टोकाला चाकांची एक जीप, जीपवर मिठाचा न फोडलेला पुडा. बटण दाबलं. ट्रक घरघरला, दोरा ताणला आणि एक किलो मीठ फरशीवरून सरकत सरकत आलं.

मैत्रीण शुभांगी तिथेच होती. ती किंचाळली, वेदिका किंचाळली, आई म्हणाली, "माझ्या मिठाची काय दशा केली गं!" आणि स्वतःच टाळ्या वाजवायला लागली. पप्पा तेवढे नव्हते. ते घोटीला आजी-आजोबांचा निरोप घ्यायला गेले होते.

गुरुवारी गणिताची चाचणी. "बुट्टी मारू?" असं तिने विचारून पाहिलं. "फौजीची पोरगी ना तू?" पप्पा म्हणाले, "जा. मी आहे साडेपाचपर्यंत."

शाळा पाचला सुटली. वेदिका आणि शुभांगी दप्तरं पाठीवर आपटत धावल्या. गल्लीच्या तोंडाशीच वास आला. ऑइल पेंटचा. वेदिकाला वाटलं, कुणी तरी दार रंगवतंय.

पप्पा उंबऱ्यात उभे होते. युनिफॉर्म चढवलेला, बूट घातलेले, हात पाठीमागे, आणि उजव्या कानाच्या पाळीला हिरवा ठिपका.

"डोळे मीट."

"पप्पा, काय?"

"मीट म्हणतो ना!"

डोळे उघडले तेव्हा टेबलावर रिकव्हरी उभी होती. खरीखुरी. लाल गेलं, पिवळं गेलं, गुलाबी तर कुठे होतं ते शोधूनही सापडलं नसतं. एकसारखा ऑलिव्ह ग्रीन, दोन हात मारलेला, टायरांना कागद गुंडाळून एक थेंबही उडू न दिलेला. बंपरवर पांढऱ्या रंगात काडीने लिहिलेला नंबर. मागे छोटा लाल-पांढरा पट्टा. शेजारी टेबलफॅन फुल्ल सोडलेला.

"आई गं!" शुभांगी म्हणाली. "हा तर परेडला जाईल!"

तो इतका सुंदर दिसत होता की वेदिकाचा हात आपोआप पुढे गेला. बोट ड्रमवर ठेवलं आणि फिरवलं.

ड्रम फिरला नाही.

तिने जरा जोर लावला. नाहीच. वाकून आत पाहिलं. आतही हिरवं होतं. ड्रमचा आस हिरवा, भोकं हिरवी, मोठ्या गिअरच्या दात्यादात्यात रंग जाऊन बसलेला, जसं हिरवं कवडीचं दही.

"आतूनपण दिलाय," पप्पा आनंदाने म्हणाले. "बाहेरून कोणीही देतो गं. इन्स्पेक्शनला साहेब कुठे बघतो माहितीये? आत. बोट घालून बघतो. आमच्याकडे तर म्हण आहे, जे हलतं त्याला सॅल्यूट, जे हलत नाही त्याला रंग."

"मी म्हनत व्हते लेकीला इचारा," आई हळूच बोलली, "तर म्हने सरप्राइज हाय."

वेदिकाने बोट मागे घेतलं. ओरडावं? रडावं? पप्पा समोर उभे होते, दिवसभर वाकून पाठ धरलेली दिसत होती, आणि तोंडावर असं हसू, जसं पाचवीतल्या नाटकात वेदिकाच्या तोंडावर होतं. त्या हसण्याला ती कुठून धक्का लावणार?

"दाखव ना मग," पप्पा म्हणाले. खुर्ची ओढून अगदी समोर बसले. हात मांडीवर. घड्याळात सव्वापाच.

शुभांगीने तिच्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं.

वेदिकाने जीप लावली, मिठाचा पुडा ठेवला. दोऱ्याचा मधला भाग ट्रकच्या आडून गुपचूप डाव्या मुठीत घेतला. उजव्या हाताने बटण दाबल्याचा आव आणला आणि तोंडानेच घर्रर्र केलं. एरवी तिला अशी नक्कल झकास जमते. आता आवाज चिरकला. मूठ मागे मागे ओढली. जीप हलली, सरकली, मीठ पुढे आलं.

"आलं! आलं!" शुभांगी जरा जास्तच जोरात ओरडली.

पप्पांनी टाळी वाजवली नाही. ते जीपकडे बघतच नव्हते. ते तिच्या डाव्या खांद्याकडे बघत होते.

"वेदू, दोरा सोड."

तिने सोडला. जीप थांबली.

"काल ओढत होता ना?"

"हो."

"मीठ?"

"अख्खा पुडा."

पप्पा उठले, ड्रमला बोट लावलं, आत डोकावले. वेदिकाला त्यांचा फक्त हिरवा कान दिसत होता.

"मीच केलं हे," ते म्हणाले.

"मस्त दिसतोय पण, पप्पा. खरंच. आपण नंतर…"

"नंतर कुठे आहे आता?" ते म्हणाले आणि बाही वर केली. "सुई आण. पक्कड आण. थिनर नको, ठोकळे चिरतील. अंजली, टाचणी असली तर दे," ते आईकडे वळून म्हणाले.

मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं आणि कुणाला बघवत नव्हतं. डोंगरात पंधरा टनांची गाडी वर काढणारा माणूस सुईने नखाएवढ्या भोकातला रंग कोरत होता. वेदिका टॉर्च धरून. शुभांगी फुंकर मारत. एक सुई मोडली, आईने डबा भरता भरता दुसरी दिली. पप्पांनी पकडीने आस उपटला, घासला, परत घातला. ड्रम कुरकुरला आणि फिरला! वेदिकाने उडीच मारली. मोटरवरचा छोटा गिअर सोलून निघाला. तोही फिरला! उरला मोठा. पप्पांनी तो काढून तळहातावर घेतला आणि एकेक दाता सोलायला लागले. एक. दोन. तीन. ओला रंग चिकटत होता, सुईला लागून परत तिथेच बसत होता.

बाहेर हॉर्न वाजला. रिक्षावाला रविराज.

"पाच मिनिटं!" पप्पा ओरडले.

चार. पाच. सहा.

"शेखरदादा, बिटको चौकात लय ट्रॅफिक हे! गाडी नाय थांबायची आपल्यासाठी!"

"पप्पा, एवढा एकच आहे चोवीसचा," वेदिका म्हणाली. आपण का बोललो हे तिचं तिलाच कळेना. "दुसरा नाहीये माझ्याकडे."

"माहितीये, बाळा." सात. आठ.

तिसऱ्या हॉर्नला आईने बॅग उचलली. मग सगळं एकदम झालं. पप्पा उठले, आईशी काही तरी पुटपुटले, वेदिकाचं डोकं छातीशी दाबलं, तिला पेंटचा आणि इस्त्रीचा वास आला, रिक्षा फटफटली आणि गल्लीच्या वळणावर त्यांचा हात दिसला तेवढाच.

आत येऊन वेदिकाने टेबल पाहिलं. सुई होती. पक्कड होती. टॉर्च अजून चालू होता. गिअर नव्हता. टेबलाखाली नाही, खुर्चीखाली नाही, आईच्या डब्यात नाही, शुभांगीच्या वेणीत सुद्धा बघून झालं.

तिने फोन लावला. रिक्षाचा खडखडाट ऐकू आला.

"पप्पा, मोठा गिअर कुठे ठेवला?"

पलीकडे खिसा चाचपल्याचा आवाज. बटण उघडल्याचा.

"पप्पा?"

"सवय गं," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "सुटा पार्ट खाली ठेवायचाच नाही आमच्यात. चिखलात गेला की संपलं. खिशात टाकायचा आणि बटण लावायचं. हाताने आपोआप…" मग एकदम, "रविराज, गाडी वळव रे!"

"वळवतो, पर मग टेशन इसरा," मागून रविराज बोललेला ऐकू आला.

"नको, पप्पा," वेदिका म्हणाली. "जा तुम्ही. राहू दे. जा."

मनमाडला पहिला फोटो आला. तळहातावर गिअर, अकरा दाते पांढरे. खाली लिहिलेलं, 'सुरू आहे.' चाळीसगावला दुसरा. सतरा दाते. वेदिका आईच्या शेजारी बसून फोटो मोठा करून मोजत होती. जितके दाते निघत होते तितकी गाडी लांब जात होती, आणि यात कुणाला काहीच करता येत नव्हतं. आईने भाकरी पुढे केली. "खा. तिकडं त्ये बी जेवले नसतील, ह्येच करत बसले असतील."

सकाळी झाशीहून तिसरा. चोवीसच्या चोवीस. नव्यासारखा, दुधासारखा पांढरा. 'ओके. फिरवून बघितला. पहिल्या मुक्कामावरून कुरिअर करतो.'

वेदिकाने 'एक नंबर' असं लिहून पाठवलं.

शनिवारी तिने हिरवा ट्रक टेबलावर मांडला. दुसऱ्या शाळेतून आलेल्या परीक्षक बाई समोर थांबल्या आणि वेदिका सुटलीच. आधी गाडीभोवती चक्कर का मारायची, दोरा ताणलेला असताना जवळ का उभं राहायचं नाही, चिखल आसापर्यंत आला की ओढायला दुप्पट ताकद का लागते, हातवारे करून, श्वास न घेता. बाई हसत होत्या, मान डोलवत होत्या. शेजारच्या टेबलावरची मुलंसुद्धा ऐकायला आली.

"सुंदर केलंय गं. अगदी खरा वाटतो," बाई म्हणाल्या. "आता चालवून दाखव."

"चालत नाही, बाई."

"पण फॉर्मवर तर तू 'चालते मॉडेल' लिहिलंयस."

"बुधवारी चालत होता. एक गिअर राहिलाय त्याचा."

"मग आणायचा ना घरून."

"घरी नाहीये तो," वेदिका म्हणाली. "वडिलांच्या खिशात आहे. जम्मूला पोचला असेल आता."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं, बंपरवरच्या काडीने लिहिलेल्या नंबरकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग पेनाचं टोपण काढलं, 'चालते' वर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'स्थिर'.

"चालेल ना?" त्यांनी विचारलं.

वेदिकाने मान डोलावली. बाई पुढच्या टेबलाकडे गेल्या. तिथे ज्वालामुखी फुटत होता.