बुर्ज हमूदचं अर्धं टेबल

मी एक जुनं टेबल आहे. टेबल कसलं, मित्रांनो, अर्धंच! बैरुतच्या बुर्ज हमूद वस्तीत, आर्मेनियन उदारमतवादी पक्षाच्या क्लबात मी पडून असतं.

मुलूख सोडून आलेल्या मेल्कोन सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं. माझ्याभोवती वकील, व्यापारी, शिंपी तावातावाने भांडत आणि मग कॉफी पीत. कुणी वारलं की आत्म्याचं जेवण माझ्यावरच मांडलं जाई. त्या जेवणाला विरोधी पक्षाचेही येत. "देव त्याच्या आत्म्याला उजेड देवो," म्हणत आणि पोटभर जेवत. तेव्हा माझा काय रुबाब होता!

मग आर्मेनियातल्या येरेवानच्या सरकारशी किती सलगी ठेवायची, यावरून पक्ष फुटला. मेल्कोनचे दोन्ही मुलगे, पारुनाक आणि कार्निक, दोन गटांत गेले. त्याच वर्षी मेल्कोन वारला.

त्याच्या जेवणाला त्याची म्हातारी बायको झारुही मुलांना म्हणाली, "आज एका टेबलावर बसा रे. उद्या घाला गोंधळ."

"आधी याने पक्षाचं नाव सोडावं," पारुनाक म्हणाला.

"नाव काय तुझ्या बापाचं आहे?" कार्निक उसळला.

"मेल्यांनो, बाप एकच आहे तुमचा! त्याचंच जेवण आहे हे!"

कुणी घास घेतला नाही. पुढच्या आठवड्यात सामानाची वाटणी झाली. बापाच्याच करवतीने दोघांनी मला मधोमध कापलं. केवढं दुखलं म्हणून सांगू! माझा दुसरा अर्धा भाग कार्निकने रस्त्यापलीकडे, आपल्या गटाच्या क्लबात नेला. पुढे लेबनॉनच्या यादवीत तिथे तोफगोळा पडला. कार्निक गेला, माझा तो अर्धा भागही जळाला.

अजून मला त्या जळालेल्या भागावरचा भार जाणवतो. कुणीतरी तिकडे कोपर टेकतं, कप ठेवतं. तो कप खाली पडेल, अशी मला भीती वाटते.

कार्निकच्या जेवणाला झारुहीने त्याचं ताट वाढलं आणि माझ्या कापलेल्या कडेपलीकडे ठेवायला गेली. तिथे होतं काय? पारुनाकने झटकन ताट खालून धरलं. तळहातावर तोलून तो तसाच उभा राहिला.

"बस, जेव आता," आई म्हणाली.

"कसा जेवू, आई? हे खाली ठेवायला जागाच नाही."

मित्रांनो, मतं दोन असू द्या, घसा बसेपर्यंत भांडा. पण जेवायचं टेबल तेवढं कापू नका.