डायलवरची जागा

१९५८ सालच्या मार्चमधली गोष्ट. टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या अल्व्हरस्टोन गावात शनिवारी दुपारी उना हिंगस्टन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून काचेच्या तुकड्यावर रेडिओतली नखाएवढी गार, म्हणजे स्फटिकाची चकती, घासत होती. भांडी घासायची पावडर, दोन थेंब पाणी आणि बोटाचा अगदी हलका दाब.

"अगं, सिंकमध्ये भांडी पडलीत आणि पावडर त्या दगडाला?" बेरिल म्हणाली. बेरिल तिच्याकडे भाड्याने राहायची; दोघी गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला.

"बोलू नकोस. हात हलतो."

"लग्नाच्या अंगठीलासुद्धा कुणी इतकं जपत नाही बाई!"

उनाचा सगळा रेडिओचा संसार त्या टेबलावर मावत असे. ऐकायचा संच युद्धानंतर लिलावात निघालेल्या विमानातला. पाठवायचं यंत्र तिनं स्वतः बिस्किटाच्या डब्यात बसवलेलं, एका व्हॉल्व्हचं. डायलवर उना कुठे सापडणार, ते त्यातली ही गार ठरवायची. पैसेवाल्यांनी बटण फिरवलं की हवी ती जागा मिळे. उनाकडे गार एकच, म्हणून जागाही एकच. दर रविवारी दुपारी त्या जागेवर नॉरफोक बेटावरचा एनॉक नॉब्ज तिला शोधत येई. केळीची बाग असलेला विधुर माणूस. त्याचंही यंत्र असंच डब्यातलं. दोघांची भेट कधीच झाली नव्हती. मोर्सच्या टिंबांत आणि रेघांत हवा, बटाटे, केळी, छपराची गळती, एवढंच बोलणं. पण उनाचा आठवडा त्या अर्ध्या तासाच्या आधारानं उभा असे.

महिन्यापूर्वी लॉन्सेस्टनचे दंतवैद्य पेडर नवाकोरा संच घेऊन नेमके त्याच जागेवर येऊन बसले. त्यांच्या खणखणीत आवाजाखाली एनॉकला उना ऐकू येईना. गेल्या रविवारी जेमतेम इतकं कळलं, की एनॉकला पोटाच्या ऑपरेशनसाठी ऑकलंडला नेणार आहेत, आता येत्या बुधवारच्या विमानानं. म्हणजे उद्याचा रविवार शेवटचाही ठरू शकत होता.

गार घासून पातळ केली की जागा जराशी वर सरकते. तेवढ्यानं पेडरांच्या आवाजातून सुटका झाली असती, आणि एनॉकनं तिला हुडकून काढलंच असतं.

"त्या दातवाल्याला फोन करून सरक म्हण की!" बेरिल म्हणाली.

"हवेतली जागा कुणाच्या बापाची नसते. मी नाही कुणाच्या पाया पडत."

तिनं गार धुतली, बसवली, मोर्सची चावी दाबली. डब्यावरचा छोटा दिवा लागला नाही. पुन्हा धुतली, पुसली, उजेडात धरली. एक कोपरा उडाला होता. गार मेली होती, आणि मेलबर्नहून दुसरी यायची तर आठवडा सहज गेला असता.

बेरिलनं मुकाट्यानं भांडी घासायला घेतली.

रविवारी उनानं नुसता ऐकायचा संच लावला. पेडर कुणाला तरी तळ्यातल्या माशांबद्दल सांगत होते. ते श्वास घ्यायला थांबले की मागून बारीक सूर येई. एनॉक तिला हाक मारत होता. थांबत होता, वाट पाहत होता, पुन्हा हाक मारत होता. तिला सगळं ऐकू येत होतं आणि ओ देता येत नव्हती.

ती उठली आणि दाराजवळचा फोन उचलला. एक्स्चेंजवर त्या दिवशी बेरिलची पाळी होती.

"बेरिल, लॉन्सेस्टन जोड. पेडर, दंतवैद्य."

"दाढ दुखतेय?" बेरिल म्हणाली, आणि लगेच वरमली. "थांब, जोडते."

"कोण? मिस हिंगस्टन?" पेडर म्हणाले. "तुम्ही त्या जागेवर असता? अहो, मी तर तुम्हाला कधी ऐकलंच नाही!"

रेडिओच्या लहरी आकाशावर आपटून उडी मारून जातात. तिच्या दुबळ्या यंत्राचा आवाज दूरच्या बेटावर उतरतो आणि शेजारच्या गावाला त्याचा पत्ता नसतो. हे उनाला पक्कं ठाऊक होतं. पण महिनाभर या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालताना आठवलं मात्र नव्हतं.

"तुमच्या आवाजाखाली एक माणूस मला हाक मारतोय," ती म्हणाली. "माझं यंत्र बंद पडलंय. त्याला माझं उत्तर द्याल?"

पेडरांनी कान दिला. "आहे खरा. बारीक आहे. काय सांगू?"

"यंत्र बिघडलंय. मी बरी आहे. ऐकतेय."

"आणखी?"

बेरिल लाइनवर ऐकत असणार, हे उनाला माहीत होतं. तिच्या जागी तीही ऐकत बसली असती.

"आणखी सांगा... इतकी वर्षं रविवार चांगले गेले."

पेडरांचा मोर्सचा हात गंजलेला. अडखळत, दोनदा चुकत त्यांनी ते पाठवलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग एनॉक आला.

"माझेही."

पुढे नेहमीचंच: केळीला घड बरे धरलेत, छप्पर एकदाचं नीट झालं, दक्षिणेचा वारा सुटलाय. ऑपरेशनचा शब्द नाही. निरोपाची खूण करून तो थांबला, तिच्या उत्तरापुरता. ती शांतता पेडरांनीही मोडली नाही.

पुढच्या रविवारपासून पेडर दुसरीकडे सरकले, आणि दात घासायच्या पावडरीच्या डबीत कापसात गुंडाळून त्यांनी उनाला एक गार पाठवली. नंतर कितीतरी वर्षं तिचे दात त्यांनीच पाहिले, आणि दर खेपेला तोंडात बोटं घालूनच तिला प्रश्न विचारले. बेरिल एका रेल्वे गार्डशी लग्न करून क्वीन्सलँडला गेली; तिला पाच मुलं झाली. एनॉक ऑपरेशनमधून उठला, पण मुलीनं त्याला ऑकलंडलाच ठेवून घेतलं, तिसऱ्या मजल्यावर. तिथे रेडिओच्या एरियलची तार टांगायला जागा नव्हती. नाताळची दोन कार्डं आली. तिसरं मुलीच्या अक्षरात आलं.

उना एक्स्चेंज बंद होईपर्यंत नोकरीत होती आणि रेडिओवर त्यानंतरही. ती गेल्यावर भाच्यानं घर विकायला काढलं, तेव्हा परसातल्या पेअरच्या झाडावरून तिच्या एरियलची तार उतरवायला घेतली. एका टोकाचा, तार अडकवायचा चिनीमातीचा गट्टू काही केल्या निघेना. खोडानं तो वर्षानुवर्षं गिळत आणला होता. भाच्यानं तार तिथेच कापली. अजून त्या सालीतून पांढरी कड तेवढी दिसते.